विंड टनेलचे आकडे चुकतात कुठे? या चुका टाळा

विंड टनेल म्हणजे मॉडेलवर वारा सोडून त्यावरचा जोर मोजायचा बोगदा. त्यात ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, अपेक्षेपेक्षा वेगळा आला की पहिला संशय मॉडेलवर जातो. आधी बोगदा तपासा. मॉडेल काढा आणि पिटो-स्टॅटिक नळी (दाबातल्या फरकावरून वेग मोजणारी नळी) एका भिंतीपासून दुसरीपर्यंत थोडी थोडी सरकवत वेग मोजा. भिंतीलगतचा पट्टा सोडला तर वेग सगळीकडे जवळपास सारखा हवा; फरक एक टक्क्याच्या आसपास चालेल. एकीकडे वेग जास्त भरला तर तोंडाशी असलेला हनीकोंब (वारा सरळ करणारा नळ्यांचा जुडगा) आणि जाळ्या बघा. जाळीवर साचलेली धूळही प्रवाह बिघडवते. हनीकोंबच्या नळीची लांबी तिच्या व्यासाच्या ६ ते ८ पट ठेवा. आकडा लयीत वरखाली होत असेल, तर डिफ्यूझर (मॉडेलच्या मागचा रुंदावत जाणारा भाग) फार वेगाने रुंदावत असण्याची शक्यता मोठी. त्याचा एकूण कोन ५ ते ७ अंशांत असू द्या, नाहीतर प्रवाह भिंत सोडतो.

मोठं मॉडेल बसवण्याचा मोह हमखास नडतो. मॉडेल जिथे बसतं त्या ३० × ३० सेंमी कक्षाचं क्षेत्रफळ ९०० चौसेंमी. मॉडेलने समोरून त्यातले ४५ चौसेंमी, म्हणजे ५ टक्के, इतकेच अडवावेत. जास्त अडवले की हवा मॉडेल आणि भिंत यांच्यामधून दाटून वेगाने जाते आणि ड्रॅग फुगतो.

सर्वात फसवी चूक रेनॉल्ड्स अंकाची. प्रवाहाचा स्वभाव ठरवणारा हा अंक वेग आणि आकारासोबत वाढतो. १९१२ च्या सुमारास गोलाचा विरोध फ्रेंच अभियंता आयफेलला जर्मनीतल्या गटिंगेनच्या प्रयोगशाळेच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी मिळाला. दोन्ही मापनं बरोबर होती, रेनॉल्ड्स अंक वेगळे होते! १९१४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ प्रांट्लने गोलाभोवती बारीक तार बांधून दाखवलं, की सीमास्तर (पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर) खळबळता झाला की प्रवाह पृष्ठभागाला जास्त वेळ चिकटून राहतो आणि ड्रॅग कोसळतो. म्हणून एकाच वेगावर थांबू नका. चार-पाच वेगांवर ड्रॅग गुणांक काढा, म्हणजे ड्रॅगला गतिज दाब (वाऱ्याच्या वेगामुळे येणारा दाब) आणि समोरचं क्षेत्रफळ यांनी भागा. तो बदलत असेल, तर मॉडेलचा आकडा खऱ्या वस्तूला लावता येत नाही. १:१० मॉडेलवर १०० किमी वेगाची गाडी तपासायची तर तोच रेनॉल्ड्स अंक गाठायला ताशी १००० किमी वारा लागेल, आणि तिथे हवेची दाबली जाण्याची वृत्ती आड येते. अशा वेळी सीमास्तर खळबळता व्हावा म्हणून मॉडेलच्या पुढच्या भागावर खरखरीत पट्टी लावतात.

दाब वाचतानाही जपा. सेकंदाला १५ मीटर वेगाला गतिज दाब जेमतेम १३५ पास्कल, म्हणजे पाण्याचा १४ मिमी स्तंभ. वाचनात १ मिमी चुकला, तर गुणांक ७ टक्क्यांनी चुकला. तिरका मॅनोमीटर (दाब दाखवणारी द्रवाची तिरकी नळी) वापरा; त्यात तोच दाब जास्त लांबीवर वाचता येतो. मॉडेलच्या दांड्याचा ड्रॅगही वेगळा मोजून वजा करा.

धुराच्या रेषा साधारण सेकंदाला २-३ मीटर वेगालाच स्पष्ट दिसतात. ते चित्र १५ मीटरच्या ड्रॅगशी जोडू नका. १५ मीटर वेगाला मॉडेलवर दोऱ्याचे छोटे तुकडे चिकटवा. फडफडले किंवा उलटे वळले, तिथे प्रवाह सुटला आहे.