ओल्या पेंडीचे विष दुधात उतरते

श्रावण-भाद्रपदात झड लागली की सरकी पेंडीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून पाहा. आत ऊब लागली, ढेकळे झाली किंवा कुबट वास आला, तर ते पोते जनावरापुढे नको. ॲस्परजिलस फ्लेवस ही पिवळट-हिरवी बुरशी सरकी व शेंगदाणा पेंडीवर आणि मक्यावर वाढून अफ्लाटॉक्सिन बी१ हे विष तयार करते. गाई-म्हशीच्या यकृतात त्याचे अफ्लाटॉक्सिन एम१ होते आणि दिवसभरातच ते धारेत येते. दूध उकळून ते जात नाही. पनीर केले तर केसीन या दुधातल्या प्रथिनाला धरून उलट पनीरमध्येच साठते.

आपल्याकडे दुधासाठी एम१ची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. दूध तपासायच्या पट्टीच्या भाषेत ५०० पीपीटी (किलोला नॅनोग्रॅम). खाद्यातल्या बी१ पैकी साधारण १ ते ६ टक्के विष दुधात उतरते, जास्त दूध देणाऱ्या जनावरात जास्त. आता हिशोब करा. १०० पीपीबी (किलोला १०० मायक्रोग्रॅम) विष असलेली ४ किलो पेंड म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम. त्यातले २ टक्के, म्हणजे ८ मायक्रोग्रॅम, १० लिटर दुधात आले तरी लिटरला ०.८ होतात. दूध नाकारले जायला एवढे पुरते.

बुरशी लागलेली पेंड उन्हात घालून पुन्हा वापरायची सवय मोडा. उन्हाने बुरशी थांबते, विष जात नाही. चांगल्या पेंडीत मिसळू नका, वासरांना किंवा कोंबड्यांना तर मुळीच घालू नका, त्यांना ते जास्त बाधते. पुरून टाका.

पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतीच पेंड घ्या. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा. आधी आलेले पोते आधी फोडा. प्लास्टिकने गच्च झाकल्यास आत घाम धरतो. मक्यासाठी सोपी परीक्षा: कोरड्या बरणीत दाणे आणि मूठभर कोरडे मीठ घालून दोन-तीन मिनिटे हलवा. मीठ काचेला चिकटले तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. साठवायला १३ टक्क्यांच्या आत हवी. भिजवलेली पेंड त्याच वेळी संपवा आणि गव्हाणीचे कोपरे रोज खरवडा, तिथला जुना थर कुणी पाहतच नाही.

विष धरून ठेवणारे बेंटोनाइट मातीसारखे बाइंडर पाकिटावरच्या मात्रेत द्यायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर सडके खाद्य घालू नका.

दूषित खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दूध सुधारते. पाचव्या दिवशीही पट्टी तेच दाखवत असेल, तर मक्याचा भरडा आणि मुरघासाच्या कडा तपासा.