इंजिन होइस्टवरचे टन आणि पुढची चाकं

पहिल्यांदा इंजिन उतरवणाऱ्याला सगळे एकच विचारतात, होइस्ट किती टनाचा? प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. होइस्ट म्हणजे इंजिन उचलायची चाकांवरची छोटी क्रेन; बूम हा तिचा वरचा हात, आणि तो हात वर ढकलणारा हायड्रॉलिक जॅक म्हणजे रॅम. बूमची लांबी ठरवणाऱ्या पिनच्या भोकांशेजारी दोन टन, दीड, एक, अर्धा असे आकडे छापलेले असतात. बूम आणि रॅम किती सोसतील एवढंच ते सांगतात. होइस्ट उलटणार की नाही, हे कंपनीने आपल्या मापाच्या बूमसाठी आधीच बघून ठेवलेलं असतं, त्यामुळे आपल्याला त्याचा विचार करायची वेळ येत नाही. बूम लांबवायला त्यात घरची नळी घातली की ती वेळ येते.

मी नळी घातली होती. गाडीचं नाक लांब, पुढचा क्रॉसमेंबर (चासीची आडवी पट्टी) सोडवायचा कंटाळा, आणि बाजूला एक जाणकार उभे: "दोन टनाचा आहे, दोनशे किलोला काय होतंय त्याला!" बूमला खरंच काही झालं नाही. मागची चाकं मात्र जमिनीवरून सुटली. इंजिन तेव्हा जेमतेम उचललेलं होतं, म्हणून ते परत माउंटिंगवर बसलं आणि निभावलं.

हे कागदावर मांडून बघा. होइस्टचं स्वतःचं वजन समजा ८० किलो, आणि ते पुढच्या चाकांच्या ९० सेंटीमीटर मागे एकवटलंय असं धरा. हूकला २०० किलोचं इंजिन आहे. हूक पुढच्या चाकांच्या आत आहे तोवर इंजिन होइस्टला जमिनीवर दाबूनच धरतं. हूक चाकांच्या पुढे गेला की तेच इंजिन होइस्ट उलटवायला लागतं. ८० गुणिले ९०, भागिले २००, म्हणजे ३६ सेंटीमीटर. हूक एवढा पुढे गेला की मागची चाकं उचललीच. प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच आधी, कारण लटकलेलं इंजिन झुलतं, जमीन सपाट नसते आणि पंप मारताना आपण धक्के देतो. रॅममध्ये जादा भाराचा व्हॉल्व असतो, त्याच्यावर विसंबू नका. त्याला फक्त तेलाचा दाब कळतो, आणि दोनशे किलोला तो दाब व्हॉल्व उघडण्याइतका चढतच नाही.

दुसरी गोष्ट याहून फसवी आहे. माउंटिंगचा एखादा बोल्ट, अर्थिंगची पट्टी किंवा गिअरबॉक्सचा एखादा नट राहिला असेल, तर हूकवरचा भार दोनशे किलो उरत नाही. तुम्ही पंप माराल तेवढा तो वाढत जातो, कारण आता तुम्ही आख्खी गाडी उचलताय. इंजिनाबरोबर गाडीचं नाक वर यायला लागलं, की हात थांबलाच पाहिजे. "अजून एक पंप मारून बघू" म्हणणाऱ्याला वर्कशॉपच्या बाहेर पाठवा, मग तो वयाने कितीही मोठा असो.

तर मग पोच वाढवायचीच असेल तर? आधी होइस्टचे पाय, म्हणजे पुढच्या चाकांपर्यंत जाणाऱ्या खालच्या नळ्या, लांब करा, बूम नंतर. दोन्ही पाय सारखे वाढवा, आणि हूक सगळ्यात पुढे जाईल तेव्हाही हूकमधून सोडलेला ओळंबा पुढच्या चाकांच्या मागेच पडला पाहिजे. हूक सगळ्यात पुढे असतो तो बूम आडवा असताना, त्यामुळे माप तेव्हाच घ्यायचं. बरेचजण बूम वर चढवून मापतात आणि खूश होतात. पाय लांबले की त्यांच्यावरचा वाक वाढतो, मूळ जाडीची नळी पुरेलच असं नाही. बूम लांबवली तर रॅमवरचा जोरही वाढतो. बिजागरीपासून रॅमची पिन ४५ सेंटीमीटरवर आणि हूक १०० वर असेल, तर रॅमला भाराच्या सव्वादोन पट जोर लागतो. हूक १५० वर नेला की सव्वातीन पटीच्या वर. रॅम तिरका असतो, त्यामुळे खरा आकडा याहूनही मोठा. सगळ्यात लांबच्या भोकापाशी दोन टनाचा अर्धा टन होतो, त्याचं हे एक कारण. वेल्डिंग स्वतःला नीट येत नसेल तर ही कामं करू नका. येत असेल तरी आधी रॅम काढून बाजूला ठेवा, उष्णतेने त्याची सीलं जातात.

एवढं वाचून घाबरायचं कारण नाही. मूळ मापाचा होइस्ट हे फार समंजस यंत्र आहे, आणि फायदा देणारे बदल छोटेच असतात. बारकी चाकं बारक्या खड्यालाही अडतात, ती मोठी केली की जीव सुखावतो. फक्त उंची वाढल्यावर पाय गाडीखाली जातात ना, ते आधी मापून घ्या. लेव्हलर (लटकलेलं इंजिन हवं तसं कलतं करायचं साधन) जरूर घ्या, पण तो वरची काही उंची खातो. रॅम स्पंजासारखा दबत असेल तर हवा काढा आणि हायड्रॉलिक तेलच भरा. ब्रेक ऑइल टाकायचा शॉर्टकट म्हणजे सीलांचं वाटोळं.

इंजिन हूकला टांगायच्या साखळीचं थोडक्यात. दोन फाटे आडव्याशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर भाराचा सुमारे ५८ टक्के ताण येतो, ३० अंशांत आले की प्रत्येकावर पूर्ण भार. साखळी इंजिनाला बांधायचे बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्या, आणि ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) व्यासाच्या दीडपट तरी आटे आत गेलेले हवेत.

आता उचलणं. हूक सरळ रेषेत वर जात नाही, कमानीत जातो. आडव्याच्या खालून वर येताना तो पुढे सरकतो, आडवा ओलांडला की मागे येतो. म्हणून उचलताना होइस्टची चाकं मोकळी ठेवा आणि दर काही पंपांनी तो थोडा सरकवत राहा. गिअरबॉक्स गाडीतच ठेवून इंजिन काढत असाल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्सचा पुढे आलेला दांडा) क्लच प्लेटमधून सुटेपर्यंत इंजिनाचं वजन त्याच्यावर आलं की प्लेटचा हब वाकतो. गिअरबॉक्सखाली जॅक लावा आणि इंजिन आणि बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं क्लचवरचं आवरण) यांच्यातली फट सगळीकडे सारखी उघडतेय का, ते बघत राहा.

इंजिन बाहेर आलं की आधी खाली घ्या, मग ढकला. रिलीज व्हॉल्व अगदी थोडा थोडा उघडायचा, एकदम सोडलात तर दोनशे किलो धपकन येतात. जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवून हळू न्या. कलंडायला लागलं तर धरायला जाऊ नका, बाजूला व्हा.

इंजिन दुरुस्तीच्या स्टँडवर चढवायचं असेल तर क्लच आणि फ्लायव्हील इंजिन लटकलेलं असतानाच काढावं लागतं, कारण स्टँडचे हात इंजिनावरच्या बेलहाउसिंगच्याच बोल्टच्या भोकांत बसतात. त्यासाठी इंजिन जवळजवळ जमिनीला टेकवा, खाली लाकडाचे ठोकळे द्या, आणि गिअरबॉक्स आधीच उतरवलेला असेल, तर क्लच काढून फ्लायव्हीलचे घट्ट बोल्ट गाडीत असतानाच सैल करून ठेवा. लटकत्या इंजिनावर लांब पाना लावून जोर केला की इंजिनच गोल फिरतं.