वाकळ शिवायला बसताय? आधी या चुका टाळा

आषाढ लागला की दर वर्षी माझ्या दारात दोन-चार नव्या बायका, पोरी येतात. शेतातली कामं जरा हलकी झालेली असतात, बाहेर पाऊस धरलेला असतो, आणि घरात जुन्या लुगड्यांची एक ट्रंक सापडलेली असते. "मावशी, वाकळ (आपली थरांची गोधडी) शिकवा की. गौरी-गणपतीपर्यंत चार तरी विकायच्या हाईत."

चार होत नाहीत. नवीन हाताची एकसुद्धा धड होत नाही. हे मी पहिल्याच दिवशी सांगते. काहीजणींना राग येतो, काही परत येत नाहीत. ज्या येतात त्यांच्याकडून पुढं त्याच त्याच चुका होतात. बेळगावजवळच्या येळ्ळूरला आमच्या सोप्यात बसून मी सतरा वर्षं वाकळा, दुपटी, खणाचे बटवे आणि रुखवताच्या वस्तू शिवते आहे. त्यातली प्रत्येक चूक मी बघितलेली आहे आणि बऱ्याचशा केलेल्याही आहेत.

न धुतलेलं कापड

सगळ्यात आधी हे, कारण याच्यानं माझी एक रात्र झोपेविना गेली आहे.

एका आजीबाईंनी नातवाच्या बारशासाठी दुपटं सांगितलं होतं. दिवस कमी होते, सोळाच. आतल्या थरांना जुनं मऊ धोतर होतं, पांढरंशुभ्र. कडेला लाल खणाची पट्टी लावायची माझीच कल्पना. खण बाजारातून आणला त्याच संध्याकाळी कापला. धुऊन वाळवायचं म्हणजे दोन दिवस जाणार, बाहेर झड लागलेली, आणि माझ्या मनात एकच विचार, वेळेत द्यायचं. दुपटं सुरेख झालं. बारशाला सगळ्यांनी हातात घेऊन बघितलं.

आठव्या दिवशी आजी आल्या. काही बोलल्या नाहीत. पिशवीतून दुपटं काढून कट्ट्यावर ठेवलं. बाळानं पहिल्याच रात्री ओलं केलं होतं, आणि लाल रंग कडेपासून आत वीतभर पसरला होता. त्यांना दुपट्याचं दुःख नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "लेकराच्या अंगाला बी लागला होता बघ." ते वाक्य मला आजही ऐकू येतं. मी पैसे परत दिले, अकरा दिवसांत दुसरं शिवून घरी नेऊन दिलं, आणि तेव्हापासून न धुतलेलं कापड माझ्या कात्रीखाली गेलेलं नाही.

माझी सवय अशी. नवीन कापड घरात आलं की पांढऱ्या सुती चिंधीचा तुकडा ओला करायचा, कापडाच्या कोपऱ्यावर ठेवायचा, वर गरम इस्त्री दहा मोजेपर्यंत दाबायची. चिंधीला रंग लागला तर ते कापड बादलीत. पाणी बदलत राहायचं, स्टीलच्या पातेल्यात घेतलेल्या पाण्याचा तळ स्वच्छ दिसेपर्यंत. काही लाल आणि काही काळे खण सहा पाण्यांनंतरही रंग सोडतात. ते मी पांढऱ्याशेजारी कधीच लावत नाही, त्यांचे बटवे होतात. बटवा कोण रोज धुतं?

मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो, असं प्रत्येकजण सांगते. रंगाऱ्याच्या कढईत मिठाला काम आहे, तिथं ते रंगाला धाग्यात शिरायला मदत करतं. कापड रंगून, विणून बाजारात आल्यावर घरच्या मिठानं काही पक्कं होत नाही. व्हिनेगरचंही तेच. मिठावर भरवसा ठेवून पाण्याचे हात वाचवायला जाऊ नका.

आणि झालाच घोटाळा, रंग पसरलाच, तर ते कापड वाळू देऊ नका. इस्त्री तर अजिबात फिरवू नका, डाग बसतो. मोठ्या टबात भरपूर कोमट पाणी, त्यात साबणाची पावडर, आणि कापड त्यात सैल तरंगत ठेवायचं. पाणी रंगलं की बदलायचं. रात्रभर हेच करावं लागतं. ताजा पसरलेला रंग बराचसा निघून जातो. त्या दुपट्यावरचा डाग आठवडाभर वाळून बसला होता, म्हणून तिथं गुलाबी झाक राहिलीच. ते दुपटं मी टाकलं नाही. शिकायला येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात देते.

धुण्याचं दुसरं कारण आटणं. सुती कापड आणि आर्ट सिल्क, म्हणजे नकली रेशीम, सारखं आटत नाही. इरकली लुगड्यात हे दोन्ही एकत्र असतात. अंग बहुतेक सुती, पदर रेशमी नाहीतर आर्ट सिल्कचा, आणि दोघांचे ताणे टोप-तेनीच्या फाशांनी एकमेकांत अडकवलेले. ते लुगडं जसंच्या तसं वाकळेत घातलं की पहिल्या धुण्यात एक भाग आकसतो आणि दुसरा फुगतो. पदर वेगळा काढा. तो वरच्या थराला, शोभेला. अंगाचं कापड आत.

खण घेतानाही फसू नका. गुळेदगुड्डचा हातमागाचा खण म्हणून हातात दिलेला कपडा पुष्कळदा पॉलिस्टरचा असतो. कडेचे दोन धागे ओढून काडी लावा. सुताची राख कागदासारखी हलकी होते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी बनते. पॉलिस्टर वापरायला माझी हरकत नाही, गिऱ्हाइकाला सुती सांगून विकायला आहे.

दोरा लांब, टाका मोठा

हातभर दोरा घ्या, जास्त नाही. सुई ओवायचा कंटाळा म्हणून दोन-दोन वावांचा दोरा घेतात, तो पिळतो, गाठी होतात, झिजतो आणि सहा महिन्यांत तुटतो. गाठ थरांच्या आत ओढून लपवा. ओळी कडेकडून मध्याकडं न्या, आणि थर आधी कच्च्या टाक्यांनी बांधून घ्या, नाहीतर खालचं लुगडं सरकून पोटात वळकटी होते. ती नंतर उसवल्याशिवाय निघत नाही.

ओळींमधलं अंतर बोटाच्या रुंदीपेक्षा जास्त नको. भराभर व्हावं म्हणून चार-चार बोटं सोडून शिवलेली वाकळ मी बघितली आहे. पहिल्या पावसाळ्यानंतर तिचे थर आतल्या आत फिरत होते.

खानापूर तालुक्यात आणि पलीकडं हल्याळ, यल्लापूरकडं मूळ आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी समाजाच्या बायका जी कवंद, म्हणजे त्यांची वाकळ, शिवतात, तिच्या चारी कोपऱ्यांना घडी घातलेली कापडाची फुलं असतात. फुलांशिवाय कवंद उघडी दिसते असं त्या मानतात. त्यांचे टाके जवळून बघा. बारीक, दाट, एका लयीत. मोबाइलवर नमुने शोधण्यापेक्षा त्यातून जास्त शिकायला मिळेल.

नमुन्यावरून आठवलं. रंगसंगती मोबाइलवरून उतरवू नका. फिकट राखाडी, फिकट गुलाबी, फिकट पिस्ता, गेल्या दोन वर्षांत ज्या येतात त्या हेच घेऊन येतात. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला खानापूरची तांबडी माती आणि पूर्वेला बैलहोंगल, गोकाककडं काळी. फाल्गुनात पळस आणि काटेसावर फुललेली असते. वळीव पडून गेल्यावर राजहंसगडावरून खाली शिवारं बघा, ओल्या मातीचे किती रंग एकाशेजारी एक बसलेले असतात. भाद्रपदात भाताचा हिरवा, दिवाळीत तोच पिवळा. मी ऋतूप्रमाणं तुकडे वेगळे काढून ठेवते. श्रावणातल्या वाकळेत हिरवा जास्त येतो, वैशाखातली तांबूस होते. गिऱ्हाईक ते ओळखतं. गेल्या साली एकजण म्हणाली, "ही उन्हाळ्यात शिवलेली दिसायली." बरोबर होतं तिचं.

किंमत सांगताना आवाज का खाली जातो?

दुसरी मोठी चूक ही, आणि हिच्यामुळं चांगल्या हाताच्या बायका काम सोडून देतात.

पहिली सहा वर्षं मी डबल वाकळेचे १,२०० रुपये घेत होते. कापड जुनं, त्यामुळं खर्च कमी, असा हिशोब. मग एका पावसाळ्यात मुलीनं वही घातली आणि मला रोजचे तास लिहायला लावले. एका वाकळेला १८ दिवस, रोज चार तास. ७२ तास. दोरा, वरचं कापड, सुया, धुण्याचं सगळं धरून ४५० रुपये खर्च. उरले ७५०. भागून बघा, तासाला जेमतेम दहा रुपये. डोळे, पाठ आणि उजव्या हाताची तर्जनी यांचा त्यात हिशोब नाही.

वही बघून मी दोन दिवस सुईला हात लावला नाही. नंतर किंमत वाढवली, एकदम नाही, तीन टप्प्यांत. काही गिऱ्हाइकं गेली. जी म्हणत होती की "जुन्या लुगड्याचे एवढे?" ती गेली. राहिली ती आजही आहेत.

म्हणून शिकायला येणारीला मी पहिल्या दिवशी सुई देत नाही, वही देते. तारीख, सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ. खर्च वेगळा. तासाचा तुमचा दर तुम्ही ठरवा, तो आधी ठरवा, आणि किंमत त्यावरून काढा. शेजारीण किती घेते त्यावरून काढू नका. मशीनवर ठिगळांचं छापील कापड शिवून हातची वाकळ म्हणून विकणारे आहेत. त्यांच्याशी किमतीत बरोबरी करायला जाल तर हात मोडून घ्याल.

दुकानात ठेवायला देताना चिठ्ठी करा. बाजारातल्या एका दुकानात मी पाच बटवे आणि दोन तोरणं तोंडी बोलीवर ठेवली होती. चार महिन्यांनी तोरणं उन्हानं विटलेली परत मिळाली आणि बटव्यांचा हिशोब कुणालाच सांगता आला नाही. आता दोन प्रती लिहिते: नग किती, किंमत काय, त्यांचा वाटा किती, माल खराब झाला तर कुणाचा. सही घेते. सही द्यायला कां-कूं करतील त्यांच्याकडं माल ठेवत नाही.

उद्यम नोंदणीसाठी, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीसाठी, कुणालाही पैसे देऊ नका. सरकारी पोर्टलवर ती फुकट आहे, २०२० पासून. आधार आणि पॅन लागतं. माझ्या ओळखीतल्या दोघींनी मधल्या माणसाला दीड-दीड हजार दिले. शिनोळी आली की महाराष्ट्र लागतो. आपल्याला चंदगड, गडहिंग्लज घरचं वाटतं, खरं विक्रीच्या कागदावर ते दुसरं राज्य आहे. नियमानं माल पाठवायचा असेल तर जीएसटीचं एकदा जाणत्या माणसाला विचारून घ्या.

आणि कार्ड मराठी, कन्नड दोन्हीत छापा. माझी निम्मी गिऱ्हाइकं सौंदत्ती, बैलहोंगल, गोकाककडची आहेत. ती कौदी म्हणतात, मी वाकळ म्हणते, आणि दोघींच्या आज्यांनी शिवली ती एकच वस्तू. धुण्याच्या सूचना तर दोन्ही भाषांत हव्यातच. न वाचता गरम पाण्यात घातली तर नुकसान दोघांचं.

पावसाळ्यात माल प्लॅस्टिकमध्ये

जून ते सप्टेंबर आपल्याकडं हवेत ओल असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेल्या कापडात ती आतच कोंडते आणि काळे ठिपके धरतात. बुरशीचे ते ठिपके धुऊन पूर्ण जात नाहीत. जुन्या धोतरात गुंडाळा, भिंतीपासून लांब, फळीवर. उघडीप मिळाली की तासभर वाऱ्याला टाका. कापड खाणाऱ्या कसरीसाठी मी वेखंडाच्या कांड्या घालते. डांबरगोळ्या आणि कापूर एकत्र कधीही घालू नका, दोन्ही मिळून पाझरतात आणि कापडाला डाग पडतो.

तोरणं गोंदाच्या गरम बंदुकीनं चिकटवू नका. पश्चिमेच्या दाराला चैत्रातलं ऊन लागलं की तो गोंद मऊ पडतो आणि मणी उंबऱ्यावर. टाका घाला, दहा मिनिटं जास्त जातात.

गौरी-गणपतीच्या ऑर्डरी मी नागपंचमीला बंद करते. त्यानंतर कुणीही आलं, नात्यातलं असलं तरी, नाही म्हणते. पहिल्या वर्षी हे जड जातं. लग्नसराईत रुखवताचंही तसंच: तारीख आणि आगाऊ रक्कम हातात आल्याशिवाय कापड कापत नाही. आगाऊ निम्मी.

आणखी एक. वाकळ पुरी झाली की मागच्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात, महिना आणि साल दोऱ्यानं घालते. सहा-सात वर्षांनी एखादी दुरुस्तीला येते तेव्हा त्यावरून वही काढता येते: कुठलं कापड होतं, कुठला दोरा, किती पाणी दिलं होतं. झिजलेल्या जागी त्याच जातीचं ठिगळ बसवता येतं. दुरुस्तीचे पैसे घेते, तासाचा दर तोच.