पाण्याच्या वाटेने पाहावे असे मिल रुइन्स पार्क

अमेरिकेतील मिनियापोलिस शहरातल्या मिल रुइन्स पार्कच्या नावावर विसंबून उंच पडक्या भिंती शोधू लागलेला पाहुणा निम्मे उद्यान न पाहताच परततो, कारण येथे जे उरले आहे ते मुख्यतः जमिनीखालचे आहे: गिरण्यांची तळघरे, पाये आणि वापरलेले पाणी नदीत परत सोडणारे दगडी मार्ग. ‘गिरण्यांचे शहर’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कापडगिरण्यांची धुराडी उभी राहतात. या गिरण्या मात्र पिठाच्या होत्या, आणि १८८० ते १९३० या अर्धशतकात जगात सर्वाधिक पीठ याच शहरात दळले जात असे. त्यांना चालवणारी शक्ती मिसिसिपी नदीवरील सेंट अँथनी धबधब्याची होती. त्यामुळे या परिसरात फिरताना पाणी ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने आपणही जावे.

सुरुवात पोर्टलँड अव्हेन्यूच्या नदीकडील टोकापासून करावी. येथून समोर दिसणारा धबधबा नीट न्याहाळावा, कारण तो आता काँक्रीटचा उतार आहे. चुनखडीच्या कठीण थराखाली मऊ वालुकाश्म असल्यामुळे धबधबा मुळातच झिजत मागे सरकत होता. त्यातच १८६९ साली नदीच्या तळाखालून खोदला जाणारा एक बोगदा फुटला आणि धबधबाच वाहून जाण्याची वेळ आली, म्हणून पुढे तो असा बांधून काढावा लागला. शेजारचे जलपाश, म्हणजे बोटींना पाण्याच्या वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दारांचे बंदिस्त कप्पे, १९६३ साली उघडले आणि आक्रमक कार्प माशांचा प्रसार रोखण्यासाठी २०१५ साली बंद करण्यात आले. तेथे फार वेळ घालवण्याचे कारण नाही.

यानंतर फर्स्ट स्ट्रीटवर यावे. येथे पाहण्यासारखे काहीच नाही असे वाटेल, परंतु संपूर्ण व्यवस्थेचा कणा याच रस्त्याखाली आहे. धबधब्याच्या वरच्या अंगाने वळवलेले पाणी १८५७ साली खोदलेल्या कालव्यातून येथवर येई, दोन्ही बाजूंच्या गिरण्यांच्या पोटात उभ्या विहिरींसारख्या खड्ड्यांतून खाली कोसळे, तळाशी बसवलेली टर्बाइन फिरवी आणि जमिनीखालून पुन्हा नदीकडे निघून जाई. रस्ता आणि नदीचे पात्र यांच्या उंचीतील फरक डोळ्यांनी मोजून ठेवावा. गिरणीमालकांच्या लेखी तोच खरा ऐवज होता.

मग पायऱ्या उतरून उद्यानात जावे. २००१ साली खुल्या झालेल्या या भागातील अवशेष दीर्घकाळ वाळू-खडीखाली गाडलेले होते आणि पुरातत्त्वीय उत्खननानंतर ते उजेडात आले. पाणी नदीत सोडणाऱ्या मार्गांची कमानीदार तोंडे दिसली की प्रत्येक तोंडावर एक बहुमजली गिरणी मनाने उभी करावी. भिंतींवर चढू नये, दगड जुने आहेत. पावसात आणि हिवाळ्यात खालची वाट निसरडी होते, म्हणून चांगली पकड असलेली पादत्राणे घालावीत.

एवढे पाहून झाल्यावरच मिल सिटी म्युझियममध्ये शिरावे; आधी गेल्यास तेथील माहिती अधांतरी राहते. उद्यान विनामूल्य असले तरी संग्रहालयाला तिकीट आहे आणि ते रोज उघडे नसते, तेव्हा वेळापत्रक पाहून दिवस ठरवावा. ही इमारत म्हणजे वॉशबर्न ए गिरणी. १८७४ साली बांधलेली मूळ गिरणी २ मे १८७८ रोजी स्फोटात उद्ध्वस्त झाली आणि १८ कामगार मृत्युमुखी पडले. स्फोटाला दारूगोळा लागला नव्हता. बंदिस्त जागेत हवेत तरंगणारी पिठाची धूळ ठिणगी मिळताच एकाच क्षणी पेटते, एवढेच त्यासाठी पुरेसे होते. पुन्हा उभारलेली गिरणी १९६५ साली बंद झाली, १९९१ साली जळाली आणि त्या अवशेषांतच २००३ साली संग्रहालय सुरू झाले. मजल्यामजल्यांवरून नेणारी लिफ्टची सफर मुलांना आवडते. माझ्या मते मात्र छप्पर नसलेले, जळक्या भिंतींचे अंगण अधिक बोलके आहे.

शेवटी स्टोन आर्च ब्रिजवर जावे. रेल्वे उद्योजक जेम्स जे. हिल यांनी १८८३ साली रेल्वेसाठी बांधलेला हा दगडी पूल १९९४ पासून पादचारी आणि सायकलस्वारांसाठी आहे. शक्य असल्यास सकाळी जावे, कारण पूर्वेकडचा प्रकाश धबधब्याच्या आणि पश्चिम तीरावरील गिरण्यांच्या दर्शनी बाजूवर पडतो. बर्फ वितळल्यानंतर, वसंत ऋतूत, पाण्याचा जोरही चांगला असतो. पूल ओलांडल्यावर पूर्व तीरावर १८८१ सालची पिल्सबरी ए गिरणी लागते. एके काळी जगातील सर्वांत मोठी असलेली ही पिठाची गिरणी आता कलावंतांचे निवासस्थान झाली आहे. वेळ कमी असेल तर ती पुलावरूनच पाहावी आणि उरलेला अर्धा तास पुन्हा खालच्या कमानींपाशी घालवावा.