औषधं घेऊन घरी जाताय? या चुका टाळा

डिस्चार्ज मिळाला की गाडी गाठायची घाई सुरू होते. कोल्हापुरात गडहिंग्लज, चंदगड, शाहूवाडी, निपाणी, पार तळकोकणातून पेशंट येतात. शेवटची एसटी चुकली तर रात्र स्टँडवर काढावी लागते, हे दवाखान्याच्या औषध काउंटरवर बसणाऱ्या मला कळतं. तरीही औषधाच्या खिडकीवर पाच मिनिटं जास्त थांबा, कारण पुढच्या बहुतेक चुका तिथंच अडवता येतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे जुन्या गोळ्या चालू ठेवून त्यावर नव्या घेणं. राधानगरी भागातले एक मामा हार्टच्या त्रासासाठी दुसऱ्या एका दवाखान्यात राहून घरी गेले. थोड्याच दिवसांत गोठ्यात चक्कर येऊन पडले, म्हणून आमच्याकडे आणलं. नाडी मिनिटाला चाळिशीत उतरलेली. मुलाला म्हटलं, घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या पिशवीत घालून आण. पिशवी काउंटरवर ओतली, तर दोन पट्ट्यांवर मोठ्या अक्षरात वेगवेगळी नावं आणि खाली बारीक अक्षरात दोन्हीकडे मेटोप्रोलॉल. मामी सांगत होत्या, "ही बीपीची हाय, लई दिवसांची. ती नवी हार्टची." म्हणजे मामा एकच औषध दुप्पट घेत होते. बीपीला आणि हार्टला तीच गोळी चालते, हे त्यांना डिस्चार्जच्या वेळी कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून डिस्चार्जचा कागद हातात आला की मी आधी जुनी पिशवी मागतो. आणली नसेल तर घरी फोन लावून पट्ट्यांचे फोटो मागवतो, बारीक अक्षरातली नावं जुळवतो आणि शंका आली की डॉक्टरांना विचारतो. थांबवायच्या पट्टीवर मार्करनं 'बंद' लिहून ती वेगळी बांधून देतो. मनानं मात्र काही बंद करू नका. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम सोडली तरी त्रास होतो. जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी जरूर घ्या, पण ती जुन्या ब्रँडच्या जागी, त्याच्या जोडीला नव्हे.

खिडकीवर नव्यानं बसणाऱ्या पोरांनाही सांगणं आहे. पाकिटावर १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) लिहून पुढच्याला हाक मारली की काम झालं, असं समजू नका. "समजलं का?" विचारलं की "व्हय" हेच उत्तर येतं. "घरी कशी घेणार, सांगा बघू" असं विचारा.

दुसरी चूक इन्सुलिनची. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलीला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये बसणाऱ्या कार्ट्रिजमध्ये (छोट्या नळीत) मिलीला १०० युनिट असतात. पेनची सुई संपली म्हणून कुणीतरी लाल टोपणाच्या सिरिंजनं कार्ट्रिजमधून इन्सुलिन ओढतं. २० च्या खुणेपर्यंत ओढलं की अर्धा मिली येतं, म्हणजे थेट ५० युनिट. शुगर इतकी उतरते की माणूस झोपेतून उठत नाही. हा शॉर्टकट मला अजिबात सहन होत नाही. सुया संपायच्या आधी आणा, आणि सिरिंज घेताना बाटली दाखवूनच घ्या. इन्सुलिन फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेलं टाकूनच द्यायचं.

दम्याच्या रोटाकॅप (पावडर भरलेल्या कॅप्सूल) गिळायच्या नसतात, मशिनमध्ये घालून ओढायच्या असतात. पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरा.

लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स बहुतेक सिरपपेक्षा कितीतरी कडक असतात. ड्रॉप्स चमच्यानं पाजू नका.

पावडरच्या अँटिबायोटिकमध्ये उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंतच घाला. ताप उतरला म्हणून ते मध्येच सोडू नका, आणि उरलेली बाटली पुढच्या आजारपणासाठी ठेवू नका.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या तासानं.

पट्टी कापताना एक्स्पायरीची बाजू शेवटपर्यंत राखा.

संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट दिली असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड येतं, रक्तपेशी घटतात, जिवावर बेततं. मी पट्टीवर 'फक्त रविवार' असा ठरलेला वार लिहितो आणि पेशंटनं तो स्वतःच्या तोंडानं सांगितल्याशिवाय पिशवी हातात देत नाही.