निसटलेलं पान पुन्हा कसं बसवावं

मे महिन्यात आमच्या वाचनालयाच्या बालविभागात उभं राहायला जागा नसते. सकाळी नेलेलं पुस्तक संध्याकाळी परत आणणारी पोरं असतात. दिवसअखेर परतीच्या गठ्ठ्यात निसटलेली पानं हमखास सापडतात, आणि त्यातली बरीचशी कुणाच्या तरी पालकांनी प्रेमाने सेलोटेपने चिकटवलेली. कृपा करून हे करू नका. टेप काही वर्षांत पिवळी पडून गळून जाते, तिचा चिकटा मात्र कागदात मुरतो. बाटलीतला पांढरा गोंदही नको, वाळल्यावर तो पाण्याने सुटत नाही. घरी माझ्या स्वतःच्या पुस्तकांची डागडुजी हा माझा रात्रीचा छंद आहे, आणि त्यासाठी मी मैद्याची खळ सोडून काही वापरत नाही. पान वाकडं बसलं तर पाण्याचा हात लावून पुन्हा काढता येतं.

खळ सोपी आहे. एक चमचा मैदा पाच चमचे पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होऊ द्या, गार झाल्यावर मलमलीतून गाळा. मुंबईच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवली तर आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करा. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. तो विषारी असतो, घरच्या भांड्यात नको.

पान लावण्याआधी शिलाईचं पुस्तक असेल तर फर्म्यातलं, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या जुडीतलं, जोडीचं पान (त्याच दुमडलेल्या कागदाचा दुसरा अर्धा भाग) तपासा. एक सुटलं की दुसरंही बहुधा ढिलं झालेलं असतं.

पानावर रद्दी कागद ठेवून आतल्या कडेची जेमतेम ३ मिलिमीटर पट्टी उघडी ठेवा, तेवढ्यावरच खळ फिरवा आणि पान कण्यात अगदी आतपर्यंत सारा. बाहेरची कड बाकी पानांच्या पुढे डोकावत असेल तर ते अजून आत गेलेलं नाही. कात्री हातात घेऊ नका.

आता वाळवणं. खरी मेख इथे आहे, आणि मला हीच पायरी फार उशिरा जमली. जो तो सांगतो, पंख्याखाली ठेवा. ओल्या कागदाचे तंतू फुगलेले असतात. वाऱ्याने कड आधी आखडते, आतला भाग ओलाच राहतो आणि पान भाजलेल्या पापडासारखं वेडंवाकडं होतं. मग कितीही दाबा, लाट जात नाही. खळ पातळ असली तर आणखीच वाईट, कारण पाणी जास्त. ब्रशवरून ती ओघळता कामा नये.

पुस्तक बंद करण्याआधी लावलेल्या पानाच्या दोन्ही बाजूंना बटरपेपर घाला, नाहीतर शेजारची पानंही चिकटतील. बटरपेपरच्या बाहेरून टिपकागद घाला. तो स्टेशनरीच्या दुकानात न मिळाल्यास क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर शोधा. वर्तमानपत्र चालेल म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, शाई उतरते. वर सपाट फळी आणि तिच्यावर भरलेला डबा ठेवा. पंधरा मिनिटांनी टिपकागद बदला, तासाभराने पुन्हा बदला. हा बदल टाळलात तर ओल आत कोंडते, आणि आपल्या दमट हवेत बुरशी धरायला तेवढं पुरतं. मग रात्रभर हात लावू नका. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की मी हे काम बंदच ठेवते.

सकाळी पुस्तक एकदम मधोमध उलगडू नका. पुढून चार, मागून चार अशी पानं दाबत आत या.

पानं हात लावताच तुटण्याइतकी जुनी असतील तर ती जाणकाराकडेच न्या. आणि पुस्तक वाचनालयाचं असेल तर यातलं काहीही न करता सुटलेलं पान आत ठेवून आणून द्या. त्याबद्दल आमच्या टेबलावर कुणी बोलत नाही. टेप लावून आणलंत तर मात्र मी बोलते.