घर पुरात गेले, आता जामीनदार कुठून आणायचा?

जामिनाचा आदेश झाला म्हणजे माणूस सुटला असे होत नाही. आदेशात रक्कम असते, अटी असतात. त्या पूर्ण करून कोर्टाने जामीन स्वीकारला, की मग सुटकेचा आदेश नागपुरात वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात जातो. पुराने घर सोडावे लागलेला माणूस अडकतो तो नेमका या मधल्या टप्प्यावर.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये घराघरांत पाणी शिरले. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेच्या पुराने भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीतली गावे पाण्याखाली गेली. अशा वेळी कपाटातले कागद जातात, आणि शेजारीपाजारीही पांगतात. जामीनदाराकडे कोर्ट दोन गोष्टी बघते: त्याची ऐपत आहे का, आणि उद्या तो सापडेल का. पुरानंतर दोन्हींचा पुरावा एकदमच हातातून निसटतो.

म्हणून पहिले काम जामीन अर्जातच करायचे. पुष्कळ वकील नेहमीचा छापील अर्ज लावतात, २५ किंवा ५० हजारांचा सक्षम जामीनदार द्या असा आदेश होतो, आणि मग अट सैल करण्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. हा फेरा टाळायचा तर अर्जदार पूरग्रस्त आहे, घर सोडून अमुक ठिकाणी राहतो, हे मूळ अर्जात एका परिच्छेदात लिहा. तलाठ्याने केलेल्या नुकसानीच्या पंचनाम्याची प्रत जोडा. ती नसेल तर मदतीची रक्कम जमा झाल्याची बँक पासबुकातली नोंद किंवा मदत यादीतल्या नावाची प्रत चालते. नगरसेवकाचे पत्र असेल तर जोडा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

त्याच अर्जात मागण्या क्रमाने लिहा. आधी जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराविना स्वतःच्याच हमीवर, सुटका. ते मान्य नसेल तर रोख जामीन. तेही नाही तर जामीनदार, पण तो स्थानिकच असावा ही अट नको. गुन्हा जामीनपात्र, म्हणजे ज्यात जामीन हक्काने मिळतो असा, असेल तर पहिली मागणी भक्कम आहे: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या; पुढची कलमेही याचीच) कलम ४७८ प्रमाणे अटकेपासून आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस निर्धन आहे असे मानण्यास ते पुरेसे कारण असते आणि त्याला जामीनदाराविना सोडायचे असते. अजामीनपात्र गुन्ह्यात हा हक्क नाही, पण कलम ४८४ सगळ्यांनाच लागू आहे. बंधपत्राची, म्हणजे कोर्टाला लिहून दिलेल्या हमीची, रक्कम अवाजवी नसावी असे ते सांगते, आणि ती कमी करण्याचा अधिकार सत्र न्यायालय व उच्च न्यायालयाला देते.

रोख जामिनाबद्दल थोडे सविस्तर. कलम ४९० प्रमाणे बंधपत्राऐवजी पैसे भरण्याची परवानगी कोर्ट देऊ शकते. ती कोर्टाच्या मर्जीवर आहे. बऱ्याचदा आदेश असा होतो की सध्या रोख भरून सुटा आणि चार किंवा सहा आठवड्यांत जामीनदार द्या. बाहेर आल्यावर ही मुदत विसरली जाते, आणि मग वॉरंट निघते. मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी एक तर जामीनदार उभा करा, नाही तर मुदतवाढीचा अर्ज द्या. पैसे नाझरकडे (कोर्टाच्या रोकड विभागात) भरल्यावर मिळालेल्या पावतीचा त्याच दिवशी फोटो काढून दोन नातेवाइकांच्या फोनवर पाठवा. खटला संपल्यावर रक्कम परत मिळते ती पावती ज्याच्या नावावर आहे त्याला, त्यामुळे सावकाराच्या किंवा दलालाच्या नावाने पावती फाडू देऊ नका.

जामीनदारच द्यावा लागला, तर आधी कागद बघा. ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा, आणि ऐपतीसाठी सातबारा, घरटॅक्सची पावती, पगारपत्रक किंवा तहसीलदाराचा ऐपत दाखला. भिजलेल्या सातबाऱ्याचे दुःख करायचे कारण नाही. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो. मात्र त्यावर बँकेचा बोजा किंवा सहहिस्सेदारांची लांबलचक यादी असेल, तर लिपिक हरकत घेतो. नावातला फरकही नडतो. आधारवर एक आणि सातबाऱ्यावर दुसरे स्पेलिंग असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद पुरतो. गेटवर कुणी काहीही सांगो.

जामीनदार भंडाऱ्याचा किंवा गोंदियाचा आहे म्हणून नाकारला जात असेल, तर दोन गोष्टी दाखवा. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या जिल्ह्यातल्या मालमत्तेवरून जामीनदार नाकारणे चूक ठरवले. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात त्याच न्यायालयाने म्हटले की स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण आहे आणि अशी अट घालू नये. लिपिकाशी वाद घालून उपयोग नाही. हे अर्जात लिहून न्यायाधीशांसमोर ठेवावे.

सगळ्यात जास्त प्रकरणे फसतात पोलीस पडताळणीत. हवालदार कागदावरच्या पत्त्यावर जातो, घराला कुलूप असते किंवा भिंतच पडलेली असते, आणि अहवाल येतो, ‘दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही’. एवढ्या एका ओळीवर जामीनदार फेटाळला जातो. म्हणून जामीनदाराने जुना आणि सध्याचा असे दोन्ही पत्ते द्यावेत, चालू असलेला मोबाईल नंबर लिहावा, आणि सध्या ज्याच्या घरी राहतो त्याचे पत्र व ओळखपत्र जोडावे. पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन पुराच्या पंचनाम्याची प्रत देऊन यावी. पाच मिनिटांचे काम आहे, पण त्याने आठवडा वाचतो.

आणखी एक. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे भेटतात. कलम ४८६ प्रमाणे जामीनदाराला आजवर किती जणांना जामीन राहिलो ते जाहीर करावे लागते. हे लोक ते दडवतात. पकडले गेले की तुमचा जामीनही धोक्यात येतो.

पैसेही नाहीत आणि माणूसही नाही, अशी गत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये पूर, दुष्काळ, भूकंप यांसारख्या आपत्तीत सापडलेल्यांचा वेगळा उल्लेख आहे. त्यांना आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकाने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते, आणि महिन्याभरात जामीन भरला गेला नाही तर अट बदलण्याचा विचार कोर्टाने स्वतःहून करायचा, असे ३१ जानेवारी २०२३ च्या त्याच आदेशात आहे. कळवले जाईलच असे गृहीत धरू नका. आठव्या दिवशी नातेवाइकानेच सचिवांना लेखी अर्ज द्यावा आणि प्रतीवर पोच घ्यावी. जामीनदार गोळा करण्यापुरता तात्पुरता जामीनही मागता येतो.

सुटल्यावर पूर आला तर? कोर्टाच्या रेकॉर्डवर जुनाच पत्ता असतो, समन्स तिथेच जाते, परत येते, आणि वॉरंट निघते. घर सोडले की पुढच्या तारखेची वाट न बघता पत्ता बदलल्याची पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, द्या. जामिनाच्या अटीप्रमाणे द्यायची पोलीस ठाण्यातली हजेरी लांब पडत असेल तर ठाणे बदलून देण्याचा अर्ज करा. परस्पर जवळच्या ठाण्यात जाऊन बसलात तर ती हजेरी धरली जात नाही. पुरामुळे तारीख चुकली असेल तर पोलीस येण्याआधी वकिलासोबत स्वतः हजर व्हा, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या आणि त्या दिवशी रस्ते बंद असल्याच्या बातमीचे कात्रण जोडा. बंधपत्र जप्त झाले असेल तरी कलम ४९१ प्रमाणे कारणे नोंदवून दंडाचा काही भाग कोर्ट माफ करू शकते. जामीनदारालाही हे सांगून ठेवा, कारण नोटीस त्याच्याही घरी जाते, आणि त्याचेही घर बहुधा त्याच वस्तीत असते.